मित्राची गोष्ट कोणाची? : कैवार, साक्ष आणि नोकरीतील समता

विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाचे शीर्षक मराठी विभक्तिरूपाच्या एका योगायोगावर उभे आहे. नायिकेचे नाव सुमित्रा, म्हणजेच मित्रा. 'मित्राची' हे त्या नावाचे षष्ठीचे रूप. पण 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे षष्ठीचे रूपही हुबेहूब तेच. तेव्हा ही गोष्ट मित्राची, की तिच्या मित्राची म्हणजे बापूची, हे केवळ शीर्षकावरून ठरत नाही. १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली, तेव्हा त्याचे नवेपण साहजिकच पहिल्या अन्वयात होते. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी नाटकाच्या मध्यभागी येऊन उभी राहिली होती. आज मात्र दुसरा अन्वय अधिक निकडीचा झाला आहे. निवेदन बापूचे आहे. मित्राचे गुपित तो जाणतो, तिच्या आणि नमाच्या भेटींसाठी आपली खोली मोकळी करून देतो, लोकनिंदेचा काही वाटा स्वतःवर घेतो, आणि अखेरच्या टप्प्यावर पाठ फिरवतो. मित्रा जीव देते. मागे उरतो बापू आणि त्याचे सांगणे.

समलिंगी वा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी, स्वतः त्यांच्यापैकी नसताना, त्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाचे नैतिक स्थान कोणते, हा प्रश्न बापूच्या निमित्ताने विचारता येतो. इंग्रजीत अशा माणसाला 'ॲलाय' म्हणतात, आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत हा शब्द मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडीही रुळला आहे. मराठीत त्याला प्रतिशब्द नाही असे नाही. अडचण आहे ती असलेल्या शब्दांच्या चढउताराची. 'कैवारी' हा शब्द बहुधा 'दीनांचा' हे विशेषण बरोबर घेऊनच येतो. कैवार वरून खाली घेतला जातो. ज्याचा कैवार घ्यायचा तो दीन ठरल्यावाचून कैवाऱ्याला जागाच मिळत नाही. 'पाठीराखा' हा त्याहून बरा, पण तो मागे उभा असतो आणि वेळ आली की सर्वांत आधी निसटू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात मराठीत 'दोस्त राष्ट्रे' हा शब्द रूढ आहे. त्यात करुणा नाही. दोघांचे काही समाईक पणाला लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या चळवळीने स्वतःला दिलेली नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. अशोक राव कवी यांनी १९९० साली मुंबईत सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव 'बॉम्बे दोस्त'. १९९४ साली स्थापन झालेल्या संस्थेचे 'हमसफर'. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात उभ्या केलेल्या संस्थेचे 'समपथिक'. तीन भाषांच्या संस्कारांतून आलेले हे तिन्ही शब्द आडवे आहेत. त्यांत कोणी कोणाला हात देऊन वर ओढत नाही. संस्थांची नावे ठेवताना कोणी तत्त्वचिंतन करीत बसत नाही, हे खरे. तरीही कैवाऱ्याची भाषा या तिन्ही नावांनी टाळली आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रश्नाला धार येते ती एका प्रत्यक्ष घटनेत, आणि तिचा मराठी साहित्याशी संबंध निकटचा आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे, मराठीचे अध्यापक आणि कवी. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात सुमारे दोन दशके मराठी शिकवून ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले होते आणि निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या निवासस्थानी शिरून त्यांचे व एका रिक्षावाल्याचे एकांतातील चित्रीकरण करण्यात आले. त्या आधारे विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केले आणि विद्यापीठाचे घर सोडण्यास सांगितले. येथे तारखांचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने खासगीत होणाऱ्या समलिंगी संबंधांना दंडविधानाच्या ३७७व्या कलमातून वगळले होते. म्हणजे जे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा उरले नव्हते, ते सेवानियमांच्या दृष्टीने गैरवर्तन ठरले. फौजदारी कायद्याचा दरवाजा उघडला की नोकरीचा दरवाजा आपोआप उघडतो, ही समजूत किती भाबडी आहे हे तेव्हाच कळून चुकायला हवे होते. पुढे ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला, ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने तो प्रश्न निकाली काढला. पण समलिंगी कर्मचाऱ्याला खासगी नोकरीत भेदभावापासून वाचवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा २०१८च्या निकालातून निर्माण झाला नाही.

सिरस यांच्या वतीने अलाहाबाद उच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील आनंद ग्रोव्हर उभे राहिले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे, आणि शिक्षकाच्या वर्तनाचा त्याच्या नोकरीशी ठोस संबंध असल्याखेरीज ते गैरवर्तन मानता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. ७ एप्रिलला सिरस त्यांच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. मृत्यूचे कारण निर्विवादपणे कधीच प्रस्थापित झाले नाही.

न्यायालयाचा युक्तिवाद त्या प्रसंगी आवश्यकच होता. ज्याच्या घराचे दार मोडून कॅमेरा आत आला आहे, त्याला प्रथम दार परत मिळाले पाहिजे. परंतु नोकरीतील समतेचा विचार करताना हा युक्तिवाद अर्ध्या वाटेवर थांबतो, आणि बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाचा प्रश्न नेमका उरलेल्या अर्ध्या वाटेत आहे. 'खासगी जीवनाचा कचेरीशी संबंध काय?' हा प्रश्न औदार्याने विचारला जातो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी, की इतरांचे खासगी जीवन कचेरीबाहेर असते. प्रत्यक्षात विषमलिंगी, विवाहित कर्मचाऱ्याइतके खासगी जीवन कचेरीत कोणीच आणीत नाही. लग्नपत्रिका टेबलावरून फिरते, बारशाचे पेढे वाटले जातात, 'वहिनी कशा आहेत?' ही चौकशी होते, बदलीचा अर्ज 'पत्नीची नोकरी' या कारणावर मंजूर होतो. घराचे वाटप, प्रवास सवलत, वैद्यकीय खर्चाची भरपाई, भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन, यांतील प्रत्येक अर्जात 'कुटुंब' नावाचा रकाना असतो. ज्याचे कुटुंब त्या रकान्यात बसते त्याला आपण खासगी माहिती उघड करीत आहोत असे वाटतही नाही. ज्याचे बसत नाही, त्यालाच 'हे सारे खासगी ठेवा' असा सल्ला मिळतो. एकाच शब्दाने एकाला संरक्षण मिळते आणि दुसऱ्याला शिक्षा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले, आणि अशा जोडप्यांच्या हक्कांचा विचार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती करील हे शासनाचे म्हणणे नोंदवून घेतले, तेव्हा प्रश्न पुन्हा याच रकान्याकडे आला.

याचा अर्थ, बाजूने उभा राहणारा सहकारी बाहेरून आलेला हितचिंतक नसतो. ज्या नियमाने दुसऱ्याला गप्प केले आहे, त्याच नियमाने याला मोकळेपणी बोलू दिले आहे. तो अगोदरपासून पक्षकार आहे. आपण पक्षकार आहोत हे त्याला उशिरा कळते, इतकेच. करुणेवर आधारलेली कैवाराची भाषा हेच सत्य झाकून टाकते. 'त्यांच्यावर अन्याय होतो' या वाक्यात अन्यायाचा लाभ घेणारा कोणी नाही. अन्याय पावसासारखा वरून पडतो आणि सहृदय माणूस छत्री घेऊन धावतो. मराठी सुधारणावादी गद्यात ही छत्री वारंवार भेटते.

करुणेला पर्याय म्हणून पुष्कळदा समदुःखाचा आधार घेतला जातो: ज्याने बहिष्कार सोसला आहे तोच बहिष्कृताला समजून घेईल. १९३४ सालचा 'समाजस्वास्थ्य'वरील खटला या संदर्भात आठवावा. र. धों. कर्वे १९२७ पासून चालवीत असलेल्या या मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात, आणि त्या शंकांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही असत. अश्लीलतेच्या आरोपावरून खटला झाला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. अजित दळवी यांचे, अतुल पेठे यांनी २०१७ साली रंगभूमीवर आणलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक याच इतिहासावर आधारलेले आहे. आंबेडकरांनी हे वकीलपत्र का घेतले? समदुःखी म्हणून, असे उत्तर देण्याचा मोह होतो, आणि त्याला एक बळकट आधारही आहे. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत काढलेले दिवस संपले तेव्हा लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि बागेत बसून काही तास काढल्यावर त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पद आहे, पगार आहे, पण छप्पर नाही. जून २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतले तेव्हा त्यांतील आठ जणांनी लवकरच नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कोणी भाड्याने घर देईना. सिरस यांच्या बाबतीतही निलंबनापाठोपाठ घर गेले. समतेचे धोरण कचेरीच्या फाटकाशी संपते आणि माणूस मात्र फाटकाबाहेर राहतो, ही गोष्ट बडोद्यापासून कोचीपर्यंत शंभर वर्षांत फारशी बदललेली दिसत नाही.

तरीही या साम्यावरून समदुःखाचा सिद्धांत काढणे घातक आहे. जातीचा बहिष्कार जन्मापासून घरादारासकट भोगला जातो. त्यात घर तरी आपले असते. समलिंगी मुलाला किंवा मुलीला पहिला बहिष्कार पुष्कळदा घरातच भेटतो. एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखात ओतले की दोन्हींचा आकार जातो. शिवाय ज्याच्यापाशी स्वतःचे असे दुःख नाही, त्याला या सिद्धांतानुसार जबाबदारीतून सुटीच मिळते. आंबेडकरांनी १९३४ साली जे केले ते समदुःखाच्या खात्यावर मांडण्याची गरज नाही. लैंगिक विषयावरील प्रश्न हा ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि ज्ञानाला विकृतीच्या भीतीने बंदी घालता येत नाही, या सार्वजनिक तत्त्वासाठी ते उभे राहिले. अस्पृश्यांच्या नेत्याने अशा बदनाम खटल्यात पडू नये असे सांगणारे आजूबाजूला कमी असण्याचा संभव नाही. त्यांना आजच्या अर्थाने या चळवळीचे आद्य पुरस्कर्ते ठरवण्याचा उत्साह मात्र टाळलेला बरा. जे त्यांनी केले तेवढे पुरेसे मोठे आहे.

पक्षकार होण्याचा आणखी एक प्रकार न्यायालयातच पाहायला मिळाला. ३७७व्या कलमाच्या प्रकरणात स्त्रीहक्क आणि बालहक्क संघटनांच्या आघाडीने, आणि सर्वोच्च न्यायालयात समलिंगी मुलामुलींच्या काही पालकांनी हस्तक्षेप केला. पालक मुलांच्या वतीने बोलायला गेले असे वरवर वाटेल, पण मुले प्रौढ होती आणि त्यांना वाचा होती. पालक गेले ते स्वतःच्या नात्याने. आपल्या मुलाला गुन्हेगार ठरवणारा कायदा आपल्याही घरात शिरतो, असे म्हणण्याचा अधिकार त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्याचे बोलणे उसने न घेता आपले बोलणे बोलणे, हा फरक बारीक असला तरी निर्णायक आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात प्रतिनिधित्वाचे दोन अर्थ वेगळे केले: कोणाच्या जागी उभे राहणे, आणि कोणाचे चित्र रेखाटणे. दोन्ही अर्थ एकात मिसळले की जागी उभा राहणारा आपण रेखाटलेले चित्रच खरे मानू लागतो. लिंडा अल्कॉफ यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत याला दुसरी बाजू जोडली. दुसऱ्यासाठी बोलणे टाळून मौन पत्करणे हीही पळवाट होऊ शकते. कारण मौनालाही परिणाम असतात आणि ते बहुधा प्रस्थापिताच्याच पथ्यावर पडतात.

आजच्या कार्यालयांत हे सारे नव्या वेषात आले आहे. परमेश शाहानी यांच्या 'क्वीअरिस्तान' (२०२०) या पुस्तकाने भारतीय कार्यस्थळातील समावेशनाची चर्चा साक्षेपाने केली, आणि त्याआधी २०१८ साली विक्रोळीच्या गोदरेज इंडिया कल्चर लॅबने पारलिंगी व्यक्तींच्या रोजगाराविषयी जाहीरनामा काढला. अशा प्रयत्नांना हसण्याचे कारण नाही. विम्याच्या अर्जात 'जोडीदार' हा शब्द आला तरी एखाद्याच्या रुग्णालयातील रात्रीचा अर्थ बदलतो. पण जून महिन्यात छातीवर लावलेला इंद्रधनुषी बिल्ला ही गोष्ट निराळी. बिल्ल्यामुळे लावणाऱ्याचे काहीच जात नाही, उलट त्याच्या सुसंस्कृतपणाची नोंद होते. कसोटी पाहायची असेल तर जेवणाच्या सुटीत पाहावी. कोणीतरी तृतीयपंथीयांवर विनोद करते, टेबलाभोवती हशा पिकतो, आणि त्या हशात सामील न होता 'यात हसण्यासारखे काय आहे?' असे विचारणाऱ्याला पुढले काही दिवस संशयाने पाहिले जाते: 'हाही त्यातलाच की काय?' या प्रश्नाला 'नाही, मी तसा नाही' असे उत्तर देण्याची घाई बाजूने उभ्या राहणाऱ्या बहुतेकांना होते. ते उत्तर खरे असते, आणि तरीही त्याच क्षणी तो आपली जागा सोडून सुरक्षित बाकावर जाऊन बसतो. काही काळ तो संशय तसाच राहू देणे हे फार मोठे धैर्य नव्हे. पण विनोद ऐकत गप्प बसलेल्या, अद्याप कोणाला काही न सांगितलेल्या सहकाऱ्याला त्याने एकटे पडल्यासारखे वाटत नाही. अलीगढमध्येही तत्त्वज्ञान विभागातील एका अध्यापकाने सिरस यांची बाजू उघडपणे घेतली होती. त्या परिसरात त्या वेळी ते सोपे नव्हते.

अर्थात किंमत मोजण्यावर भर दिला की त्याग करणारा नायक मागच्या दाराने परत येतो, आणि गोष्ट पुन्हा त्याची होते. हंसल मेहता यांचा 'अलीगढ' हा चित्रपट (भारतात प्रदर्शित २०१६) या धोक्याच्या अगदी काठावरून चालतो. मनोज बाजपेयी यांचे सिरस संथ, एकाकी, शब्दांविषयी चिकित्सक आहेत; आपल्याला एका परक्या शब्दात बसवले जाते याची नाराजी ते लपवीत नाहीत. कवीने नामकरणाला केलेला हा विरोध चित्रपटातील सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण तो शत्रूंइतकाच मित्रांनाही उद्देशून आहे. पण प्रेक्षकाला त्या घरात नेणारा दरवाजा म्हणजे राजकुमार राव यांनी रंगवलेला तरुण पत्रकार. तो निर्मळ आहे, निरपेक्ष आहे, आणि म्हणूनच प्रेक्षकाला त्याच्या जागी बसणे फार सुखाचे जाते. तेंडुलकरांचा बापू असे सुख देत नाही. त्याच्या मैत्रीत आशा आहे, असूया आहे, आणि आपण केलेल्या उपकारांचा एक अलिखित हिशेब आहे. तो कोसळतो त्या क्षणी कैवाराच्या पोटातली अपेक्षा उघडी पडते: मी तुझ्यासाठी इतके सोसले, तू निदान माझ्या कल्पनेतली मित्रा तरी राहा. या एका बाबतीत नाटक चित्रपटाच्या पुढे आहे. त्याची मर्यादाही याच निवेदनात आहे. मित्रा प्रेक्षकांना दिसते ती बापूच्या शब्दांच्या चौकटीतून. मंचावर ती बोलते, वागते, पण अर्थ लावण्याचा अधिकार शेवटपर्यंत त्याच्याकडे राहतो, आणि तिच्या आयुष्याला मृत्यूखेरीज दुसरा शेवट संहितेला सुचत नाही. खिरे यांच्यासारख्यांनी पुढे मराठीत स्वतः लिहायला घेतले, तेव्हा या अधिकाराची वाटणी प्रथमच बदलू लागली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दप्तरी त्या याचिकेचे नाव 'डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस आणि इतर' असे आहे. कायद्याच्या रूढ भाषेतला तो निर्जीव शब्द, 'इतर'. पहिल्या याचिकाकर्त्याच्या बरोबरीने, त्याच ओळीत, त्याच विरुद्धपक्षासमोर. मात्र त्या खोलीत आणखी एक माणूस होता. त्याचेही चित्रीकरण झाले होते, त्याचेही दार असते तर मोडलेच गेले असते. पुढच्या साऱ्या चर्चेत, निषेधपत्रकांत आणि चित्रपटाच्या परीक्षणांत तो 'एक रिक्षावाला' एवढाच राहिला. त्याला कोणी निलंबित केले नाही, कारण त्याची नोकरीच नव्हती. सेवानियम नव्हते, म्हणून गैरवर्तन नव्हते आणि स्थगितीही नव्हती. अलीगढच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी त्याने रिक्षा काढली का, आणि त्याच्या थांब्यावर त्याच्या शेजारी कोण उभे राहिले, हे कोणत्याही 'इतरां'नी विचारल्याचे दिसत नाही.